कोलाला इंग्रजी समजत नाही

कॉव्हेंट्रीतल्या त्या बैठकीच्या खोलीत सोळा पुरुष ताटकळले होते आणि मधल्या ताटलीत बसला होता एक कोला, आपल्या सुपारीचा थोरला भाऊ. नायजेरियातल्या इग्बो लोकांत कोला फुटल्याशिवाय कुठल्याच बोलण्याला सुरुवात होत नाही. बोलायचं होतं या घरच्या चिओमाबद्दल. बर्मिंगहॅमचे एझेसाहेब तिला आपल्या मुलासाठी मागायला आले होते. दोन हजार सहाचा ऑगस्ट. तिच्या उशाखाली इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं पत्र होतं. त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

अडलं भलतीकडेच. कोलावरची प्रार्थना यजमानघरच्या पुरुषानं म्हणायची. चिओमाच्या आजोबांची वाचा जानेवारीतच स्ट्रोकनं नेलेली. तिचा भाऊ ओबिना इथंच, इंग्लंडात जन्मलेला. त्यानं घसा खाकरून "डिअर लॉर्ड" म्हटलं मात्र, म्हाताऱ्यांनी त्याला थांबवलं. कोलाला इंग्रजी समजत नाही.

"मला येते," दारातून चिओमा म्हणाली. आजोबांच्या मांडीवर बसून पाठ झालेली.

"पोरी, बायका कोलाला हात लावत नाहीत," एझेसाहेब म्हणाले.

"हात कुठं लावतेय, काका? नुसती बोलते."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

पोर अठराची, पण आवाज सात पिढ्यांमागून आला. पूर्वजांनो, या, बसा, ती म्हणाली. "इसे," पुरुष म्हणाले, आपण तथास्तु म्हणतो तसं. खोली अशी भरून आली, की सोफ्यावरच्या तिघांनी सरकून जागा केली म्हणतात. घरात धान्य राहो. "इसे." रस्त्यावरची बस म्हणे आवाज न करता गेली.

"आणि या घरची लेक आधी इंजिनिअर होवो."

"इसे!" सवयीनं निघून गेलं. एझेसाहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

मग उमगलं. पूर्वजांसमोर बोललेलं परत घेता येत नाही. आजोबांनी सुरी उचलली आणि मूठ नातीकडे केली.

तिनं सुरी टेकवली. कोला उमलला. चार फाका, म्हणजे शुभशकुन.

एझेसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"किती वर्षं असतं ते शिक्षण?" त्यांनी हळूच विचारलं.

आजोबांनी ताटली त्यांच्यापुढे सरकवली.