मागच्या खोलीतली रेंज

व्हिडिओ कॉलवर बाबांचा चेहरा सारखा अडकायचा, म्हणून शेवटी मीच बघायला आले. दादा मला थेट वॉशिंग मशीनमागच्या खोलीत घेऊन गेला. वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून आत शिरले, तर कुबट वास नाकात गेला. बाबा ओल आलेल्या भिंतीला टेकून, जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते.

"बघ, केवढा खटाटोप केलाय," दादा म्हणाला. लॅपटॉपला वायफायचा वेगळा अँटेना लावून तो लांब वायरीने खिडकीच्या गजाला बांधला होता. पॅसेजमध्ये रेंज वाढवणारा डबाही ठोकला होता. "बाबांसाठी हात आखडता घेतला नाही मी."

"बिचाऱ्याच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या माझ्यापायी," बाबा म्हणाले.

मी तिथूनच त्यांना कॉल लावला. माझ्या फोनच्या स्क्रीनवर त्यांचा चेहरा उघड्या तोंडानिशी थिजला.

मी तो लवाजमा सोडवला आणि लॅपटॉप हॉलमध्ये आणून सोफ्यावर ठेवला. राउटर समोरच टीव्हीशेजारी होता. रेंज फुल.

"अरे, एवढी साधी गोष्ट. हा इथेच ठेवायचा की."

दादाने पॅसेजचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"मला काय कळत नाही का? ठेवून पाहिला ना. लॅपटॉप इथे आला की मागोमाग बाबापण येऊन बसतात."