चित्रातली खुर्ची

बेडसे गावातल्या एका रिसॉर्टवर अंबाजी वॉचमन होते. गेटपाशी बसायला त्यांनी बाभळीची खुर्ची स्वतःच्या हाताने केली होती. मुक्कामाला आलेल्या एका चित्रकाराने तिचं जलरंगात चित्र काढलं. मालकांनी ते फ्रेम करून स्वागतकक्षात लावलं आणि पाहुणे त्यापुढे माना डोलवू लागले.

"लाकडाची रेष न् रेष जिवंत झालीय!" पुण्याहून आलेल्या एक बाई म्हणाल्या. "मूळ खुर्ची आहे कुठे?"

"अडगळीत टाकली. या चित्रापुढे फारच ओबडधोबड दिसायची हो," मालक म्हणाले. "पण करणाऱ्याचा मान आम्ही ठेवलाय. चित्राच्या राखणीला त्यालाच इथं उभा केलाय."

बाईंना भरून आलं. त्या भिंतीलगत उभ्या असलेल्या अंबाजींकडे वळल्या.

"आबा, काय हात आहे हो तुमचा! नुसतं चित्र बघूनसुद्धा खुर्चीत बसावंसं वाटतं."

अंबाजींनी अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला.

"व्हय ताई. मला तर सकाळी सातपासनं वाटतंय."