उलटे बैल

मोतीरामनं आज पुन्हा बैल उलटे जुंपले. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. बैलांनी पाय उचलायचं नाव घेतलं नाही. मोट विहिरीत लोंबत राहिली आणि मोतीराम बैलांच्या उतरत्या धावेवर उभा राहून आभाळाकडे बघू लागला.

मळ्यातल्या घराच्या ओसरीत बाजेवर पडलेल्या सोजराबाईनं कपाळाला हात लावला आणि ती उठली.

"आता बैलायची बाजूबी मीच सांगू काय?"

"भुललोच," मोतीराम ओशाळून म्हणाला.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीच्या दिवाळीत दोघांनाही मुदतीच्या तापानं धरलं होतं. आधी ती पडली, मग तो. रोहिणखेडात तेव्हा घरोघरी तेच चाललं होतं. शेवटच्या खेपेला डॉक्टर दोघांच्या बाजांमध्ये बसून सांगून गेले, की ताप गेला, पण डोकं इतक्यात जागेवर यायचं नाही. काही ध्यानात राहणार नाही, कशात मन लागणार नाही. रागावू नका, हळूहळू कामाला लावा. सोजराबाईनं ते मनाशी पक्कं बांधून ठेवलं. नवऱ्याला सांभाळून घ्यावं लागणार, हे तिला तेव्हाच कळलं.

ती स्वतः दिवसदिवस छपराकडे बघत पडून असायची. चूल पेटवावीशीही वाटत नसे. पण नवराच असा झाल्यावर कोणती बाई हौसेनं उठेल?

संक्रांतीला तिचा थोरला भाऊ इंद्रभान सोनाळ्याहून आला. वाळलेले वाफे बघून त्यानं स्पष्टच सांगितलं. होळीनंतर पुन्हा येतो, मळा असाच दिसला तर दुसऱ्याला बटईनं, निम्म्या वाट्यावर कसायला देऊन टाकू आणि तुम्ही दोघं माझ्याकडे चला. सोजराबाई लग्न होऊन आली तेव्हा तिथं नुसती पड जमीन होती. तिथली वांगी तिच्या हातची होती.

दुसऱ्याच दिवशी मोतीरामनं मोटेचं पाणी वांग्यांत न सोडता रस्त्यावर सोडलं. सोजराबाई बाजेवरूनच ओरडली. तो ढिम्म. शेवटी तीच उठली आणि पाणी वळवून आली. मग रोजच काहीतरी होऊ लागलं. मेथीच्या वाफ्यात कोथिंबिरीचं बी पडलं. एकदा तर हा बहाद्दर हातात खुरपं धरून तेच खुरपं शोधत फिरत होता. ती पोट धरून हसली, त्याच्या हातून खुरपं घेतलं आणि अख्खा वाफा निंदून काढला. बरं, चूकही अशी करायचा की ओसरीतून स्वच्छ दिसायची.

कधी तिच्याच भाजीत मीठ दोनदा पडे. कधी शेजारच्या रुखमाबाईचं नाव ओठांवर येऊन अडे.

"ह्यायच्या मांगं धावून माह्यंबी डोकं फिरून राह्यलं," असं म्हणून ती हसायची. मोतीराम खारट भाजी मुकाट्यानं खायचा. त्याला बिचाऱ्याला चव तरी कुठं कळत होती!

होळी झाली आणि इंद्रभान आला. मळा हिरवागार होता. सोजराबाईनं त्याला वाफ्यावाफ्यातून फिरवलं, नवऱ्याच्या गमती सांगितल्या आणि मग त्याचा हात धरून म्हणाली, "दादा, मळा नको देऊ कोनाले. मानूस सुधरून राह्यला. मी हाओ ना त्यायच्या मांगं."

माणूस किती सुधारला, ते आपल्या डोळ्यांनी बघायला इंद्रभान विहिरीवर गेला. त्यानं सहज म्हणून वांगी कधी लावली ते विचारलं. मोतीरामनं लावणीची तिथी सांगितली, कोणत्या ओळीत कीड पडली होती ते सांगितलं, कोणत्या बैलाचा कोणता खूर दुखतो तेही सांगितलं. कुठंही अडखळला नाही.

इंद्रभानचा आवाज चढला.

"दाजी, तुमी तं खडखडीत बरे हाये. मंग हे सोंग काऊन?"

मोतीरामनं वळून पाहिलं. पलीकडे सोजराबाई पदर खोचून, स्वतःशीच गुणगुणत वांगी तोडत होती.

"हळू बोला, दादा. डॉक्टरसायबानं डोक्याचं सांगतलं थे तुमच्या बहिनीबद्दल होतं. मी भुललो का मंगच ते बाजेवरून उठते."