बोळातलं भोक

इसहाकने गोणपाटाची घट्ट गुंडाळी केली आणि भिंतीतल्या भोकात कोंबली. काठीने आत ढकलली. अजून ढकलली.

"घ्या! खा आता आपलीच वाफ!" म्हणत त्याने हात झटकले.

भोक होतं धाकट्या भावाच्या, जोएलच्या भिंतीत. पण उघडायचं इसहाकच्या बोळात, थेट त्याच्या ओट्यासमोर. जोएलने नव्या घरात जिन्याखाली कपडे वाळवायचं मशीन बसवलं होतं. जागा वाचावी म्हणून भिंतीतच एक पत्र्याची पेटी बसवून घेतली होती. मशीनचा पाइप त्या पेटीत वळायचा, म्हणजे चेपायचा नाही, आणि मशीन भिंतीला चिकटून राहायचं. आतली गरम हवा मात्र बाहेर, इसहाकच्या अंगावर! रोज सकाळी भोकावरची झडप फडफडायची आणि साबणाचा भपकारा ओट्यावर यायचा. अहो, सुपा गाव हे! इथल्या उन्हात शेवटचा कपडा दोरीवर टाकेपर्यंत पहिला वाळलेला असतो. मशीन कशाला लागतं? माज, दुसरं काय!

पण खरी आग वेगळीच होती. वाटण्या झाल्या, आई जोएलकडे राहिली, तेही इसहाकने गिळलं. पण नाताळानंतर आई चर्चला यायचीच बंद झाली. पांढरं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसणारी आई! शेवटची आली त्या रविवारी जोएलच्या बायकोच्या, शॅरनच्या हातून पाण्याची बाटली सांडली. बाक भिजला, आईचं लुगडं भिजलं. इसहाक चर्चच्या मंडळीचा पंच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चारचौघांत शोभा करून घेतलीत!" असं तो बोलला, आणि बोलणारच ना! तेव्हापासून शॅरनने डूख धरला. आईला चर्चला आणणं बंद केलं, बोळाकडची आईच्या खोलीची खिडकीसुद्धा लावून घेतली. विचारलं की जोएलचं एकच उत्तर, "तिला बरं न्हाई." आई स्वतः बोलावत नाही तोवर त्या घराची पायरी चढणार नाही, अशी शपथ इसहाकने घेतली होती.

तो डबा घ्यायला आत वळला, तोच करपल्याचा वास आला. मग शॅरनची किंकाळी. आईच्या खोलीची खिडकी धाडकन उघडली आणि धुराचा लोट बोळात आला. पाठोपाठ जोएल धावत आला. त्याने भोकातलं गोणपाट ओढून काढलं आणि इसहाकच्या तोंडावर फेकलं.

"येडा झालास का, दादा? बटन बंद केलं म्हनून वाचलो! घर पेटलं असतं! आत आई हाय!"

"आईचं नाव काढू नको तू! कोंडून ठेवलंय तिला! ऊन संपलं का सुप्यातलं? दोरी बांध की!"

"दोरी बांधता येत न्हाई!"

"का? तुमच्या कापडांना सोनं लागलंय?"

जोएलने मूठ उगारली. इसहाकने त्याची कॉलर धरली. आईच्या पोटची दोन्ही पोरं एकमेकांच्या जिवावर उठली होती.

तेवढ्यात शॅरन बाहेर आली. तिच्या हातात अर्धवट ओली गोधडी होती. तिने ती इसहाकच्या पायाशी टाकली.

इसहाकने गोधडी ओळखली. त्याच्याच शाळेच्या खाकी चड्डीचं ठिगळ तीत होतं. साबणाच्या वासाखाली आणखी एक वास होता.

"आईंना अंथरुणातच होतं, भाऊजी," शॅरन म्हणाली. "रोज."

"शॅरन, गप!" जोएल ओरडला. "आईला शब्द दिलाय आपण!"

इसहाकची कॉलरवरची पकड सैल झाली, पण राग उतरला नाही. उलट चढला.

"आन् मला सांगितलं न्हाई? मी थोरला! आख्ख्या गावापासून लपवा, पन माझ्यापासून? कुनी शिकवलं तुमाला हे?"



उघड्या खिडकीतून आईचा आवाज आला. तिला आता ऐकूही कमी येत होतं. बोळात कोण आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

"शॅरन, मशीन बंद पडलं व्हय गं? मग इसहाक कामावर गेला का बघ आधी, आन् मगच टाक माझी गोधडी दोरीवर. त्याला परत माझी लाज वाटाया नको."