पंच क्रमांक दोन

आमच्या खात्याला नको असलेली सांगलीतली वीस गुंठे जागा महापालिकेला विकायची ठरली. त्यासाठी 'जागेवर कोणीही राहत नाही' असा पंचनामा लागणार होता. तो मी गाडीतच लिहून काढला. एक पंच म्हणून ड्रायव्हरची सही घेतली, दुसरा मिळेना. तेवढ्यात त्या जागेच्याच कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोपटातून म्हातारी मनुबाई आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आजी, साक्षीला अंगठा द्याल का?"

"देती की. सरकारी कामाला न्हाई कशाला म्हणू?"

मी तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं. "राहायला कुठं?"

"हितंच की. चाळीस वर्सं झाली."

ड्रायव्हर दुसरीकडं बघायला लागला. मी नुसतं 'रा. सांगली' लिहिलं आणि शाईचा पॅड पुढं केला. अंगठा उठवून तिनं तो पदराला पुसला.

"माजं खोपाट लिव्हलंय न्हवं त्यात, साहेब?"

मी घाईघाईनं तिचा तांब्या उचलून तोंडाला लावला. पाणी पिताना बोलावं लागत नाही.