मरळीसाठी टाकी

“आधी मासा केवढा हाय ते सांगा,” हिरासिंग म्हणाला. “टाकी मंग बघू.”

ज्ञानबानं कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात दाखवला. शेजारी बसलेल्या पंचफुलाबाईला ते पटलं नाही. तिनं आपला हात वीतभर पुढं नेला. “एवढा. आता नीट खाऊन राहिला ना, वाढलाय.”

हिरासिंगाच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते पोराबाळांचा हट्ट पुरवायला. सोनेरी मासे, काचेचे गोळे, रंगीत खडे. पुसेगावकडचा धोतर नेसलेला मेंढपाळ बायकोला घेऊन मोठी टाकी मागायला यावा, हे हिंगोलीत नवलच होतं. पण हिरासिंग माणूस भला. तो हसला नाही, उलट दोघांना चहा मागवला.

“कोणता मासा म्हणता?”

“मरळ.”

“बाप रे! शिकारी जात. सोबत बारीक मासा ठेवला तर गिळून टाकंल.”

“एकटाच राहील तो,” पंचफुलाबाई म्हणाली. “सोबतीला मी हाय.”

ज्ञानबा खाली बघत चहा फुंकत राहिला. त्यांचा एकुलता एक लेक, प्रभू, दिवाळीनंतर गेला. तेव्हापासून बायकोचा सगळा जीव या माशात अडकला होता. मेंढरांना पाणी पाजायच्या सिमेंटच्या हौदात तो ठेवलेला. माशानं खाल्लं की ही दोन घास खाणार. मासा तळाशी गप बसला की हिला पाणीसुद्धा गोड लागायचं नाही. आता ऊन चढलं होतं, हौद तापायला लागला होता. परवा मासा उडी मारून धुळीत पडला. तिनं धावत जाऊन त्याला पदरात उचललं, पाण्यात सोडलं आणि दिवसभर हौदापासून हलली नाही. मासा मेला तर बायकोही हाताची जाईल, हे ज्ञानबाला लख्ख दिसत होतं. लेकापाठोपाठ तिलाही पोचवायची त्याच्यात ताकद नव्हती.

त्याला निळ्या दिव्याची उंच टाकी आवडली. डौलदार होती. हिरासिंगानं मान हलवली.

“उंचीला काय करायचं, बाबा? त्याला वळाया जागा पायजे. लांब-रुंद घ्या, काच जाड घ्या. आन काठोकाठ पाणी भरू नका, वर मोकळी जागा सोडा. झाकणाला भोकं ठेवा, पण झाकण घट्ट पायजे. मरळ वर येऊन हवा घेते. वर येऊ दिलं न्हाई, तर पाण्यात असूनबी गुदमरते.”

पंचफुलाबाईनं कपबशी खाली ठेवली.

“अन् वर येऊ दिलं तर?”

“तर कशाला गुदमरंल, माय?”

“न्हाई गुदमरणार ना?” तिनं पुन्हा विचारलं. “बराबर सांगा.”

“बराबर सांगून राहिलो.”

तिनं डोळ्यांना पदर लावला. हिरासिंग गोंधळला आणि उगाच एका टाकीची काच पुसायला लागला.

मग स्टँडची गोष्ट निघाली. लाकडाचा नको, पाण्यानं फुगतो. लोखंडी, वेल्डिंगचा जोड मारलेलाच घ्या, हिरासिंग म्हणाला. सारवलेल्या भुईवर पाय रुततील, म्हणून खाली फरशी टाका, अन् टाकीखाली थर्माकोल. त्यानं छातीएवढा उंच स्टँड पुढं ओढला.

“येवढा नको,” पंचफुलाबाई म्हणाली. “मी भुईवर निजते. निजल्या जागी त्याचं तोंड दिसलं पायजे.”

बुटका स्टँड निघाला. ती खरंच त्याच्याजवळ फरशीवर बसली, मान कलती करून पाहिली आणि किती दिवसांनी जराशी हसली. ज्ञानबाला वाटलं, एवढ्यासाठी तर आलो होतो.

हिरासिंगाला मात्र राहवलं नाही. “माय, राग मानू नका. हे तळ्यातलं जनावर. काचेत त्याला तकलीफच. त्यापरीस तळ्यात सोडून द्या, सुखानं राहील.”

पंचफुलाबाईनं झटकन रिकाम्या टाकीला दोन्ही हातांनी कवटाळलं.

“तळ्यात? न्हाई! त्या तळ्यात आता न्हाई जाऊ देणार मी!”

तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. हिरासिंग वरमला. त्यानं टाकी टेम्पोत चढवली, भोवती गोधड्या कोंबल्या. पंचफुलाबाई आत चढली आणि काचेवर हात ठेवून बसली.

पैसे देताना ज्ञानबानं लेक प्रभू गेल्याचं सांगितलं. हिरासिंगानं त्याला बाजूला घेतलं. “चुकलो, बाबा. पोरानं हौसेनं पाळलेला मासा, आईचा जीव लागणारच. कुठून आणला होता त्यानं?”

ज्ञानबानं टेम्पोकडं एकदा बघून घेतलं.

“त्यानं न्हाई आणला,” तो हळू आवाजात म्हणाला. “प्रभू तळ्यात बुडाला. दहाव्याला काठावर पिंड ठेवला, तर कावळा शिवंना. समद्यांनी शब्द दिले, हात जोडले, तरी शिवंना. दिवस कलला तवा पिंड पाण्यात सोडला, आन हा वर येऊन गिळून गेला. हिनं तिथंच भोयाला जाळं टाकाया लावलं, आन लेकराला घरी घेऊन आली.”