अनवाणी

सवयीनं मी भावाचा पाय मांडीवर घेतला आणि सुई शोधू लागले. गावात नळ येईपर्यंत चप्पल घालणार नाही, अशी शपथ त्यानं पहिल्या निवडणुकीत घेतली, तेव्हापासून त्याच्या टाचेतले काटे मीच काढत आलेय.

आता तो मंत्री झालाय. कार्यकर्त्यांनी मोटारीपासून माझ्या दारापर्यंत सतरंजी अंथरली होती. तळवा लोण्यासारखा मऊ लागला.

“नळाची योजना तुझ्याच सहीसाठी अडलीय म्हणतात. कर की रे सही! टँकरमागं पळून गुडघे गेले माझे.”

त्यानं पाय काढून घेतला. “आक्का, नळ आला की चप्पल घालावी लागेल,” तो हळूच म्हणाला. “मग मला कोण विचारतंय?”

तो बाहेर गेला. अंगणात बायका रिकामे हंडे बाजूला ठेवून त्याच्या अनवाणी पायांवर डोकं टेकवत होत्या.